क्रिकेटमधली काळी फीत: शोक कोणता आणि निषेध कोणता, हे कोण ठरवतं?

६ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत लता मंगेशकर यांचं निधन झालं. त्याच दिवशी अहमदाबादला भारताचा १०००वा एकदिवसीय सामना होता. भारतीय खेळाडू दंडाला काळी फीत बांधून खेळले. त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये सचिन तेंडुलकरचे गुरू रमाकांत आचरेकर गेले, तेव्हा सिडनी कसोटीतही संघाने फिती बांधल्या होत्या.

सरकारी कर्मचारी ‘काळ्या फिती लावून काम’ करतात, तेव्हा मात्र तो निषेध असतो. क्रिकेटमधला सगळा पेच याच दुहेरी अर्थातून येतो. आयसीसीच्या पोशाखविषयक नियमांनुसार फीत बांधायला खेळाडूचं बोर्ड आणि आयसीसी अशा दोघांची परवानगी लागते. राजकीय, धार्मिक किंवा वांशिक मुद्द्यांवरचे संदेश चालत नाहीत. संघाने मिळून शोक पाळायचा असेल, तर सहसा अडचण येत नाही. अडचण येते ती एकट्यादुकट्या खेळाडूची.

याचं सर्वांत धाडसी उदाहरण झिम्बाब्वेचं. १० फेब्रुवारी २००३ रोजी हरारेत विश्वचषकाचा नामिबियाविरुद्धचा सामना होता. अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा दंडाला काळी पट्टी लावून उतरले. झिम्बाब्वेतल्या लोकशाहीच्या मृत्यूचा हा शोक आहे, असं निवेदन त्यांनी पत्रकारांना आधीच दिलं होतं. सत्तेवर रॉबर्ट मुगाबे होते. फ्लॉवर हा देशाचा सर्वोत्तम फलंदाज, तर ओलोंगा झिम्बाब्वेकडून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्यामुळे हा गोऱ्यांचा कांगावा आहे, असं म्हणायची सोय उरली नाही. शोकाची भाषा वापरून केलेला तो उघड निषेध होता. त्या विश्वचषकानंतर दोघेही झिम्बाब्वेकडून पुन्हा खेळले नाहीत. जिवे मारण्याच्या धमक्या आल्याने ओलोंगाला देश सोडावा लागला.

डिसेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजाला गाझातल्या नागरिकांसाठी बुटांवर ‘सर्वांचे जीव समान आहेत’ अशा आशयाचे शब्द लिहून खेळायचं होतं. परवानगी मिळाली नाही, म्हणून पर्थ कसोटीत त्याने ते शब्द पट्टीने झाकले आणि दंडाला काळी फीत बांधली. विनापरवानगी फीत बांधल्याबद्दल आयसीसीने त्याला समज दिली. फीत वैयक्तिक दुःखासाठी होती, असं त्याचं म्हणणं होतं.

राजकारणाला पूर्ण मज्जाव आहे, असंही नाही. पुलवामा हल्ल्यानंतर, ८ मार्च २०१९ रोजी रांचीत भारतीय संघ लष्करी टोप्या घालून खेळला. पाकिस्तानच्या बोर्डाने आक्षेप घेतला. पण टोप्यांसाठी आधी परवानगी घेतली होती, असं आयसीसीने स्पष्ट केलं. २०२० च्या इंग्लंड-वेस्ट इंडिज कसोटी मालिकेत वर्णद्वेषविरोधी चळवळीचं बोधचिन्ह शर्टांच्या कॉलरवर होतं, तेही आयसीसीच्या संमतीने.

ख्वाजाने पुढे मेलबर्न कसोटीसाठी बॅटवर शांततेच्या कबुतराचं चित्र लावू द्यावं, अशी विनंती केली. तीही फेटाळली गेली. त्या कसोटीत त्याच्या बुटांवर त्याच्या दोन मुलींची नावं होती.