मूठभर जोंधळ्याचा हिशेब

शाहू महाराजांनी कोल्हापुरात बोर्डिंगं काढली, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ती चालली कशावर, हे मात्र घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं लागतं. आमचे थोरले चुलते आबा चाळीसच्या दशकात अशाच एका बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाले. दसरा चौकातून जाताना ते बोट दाखवून सांगायचे, हे जैन बोर्डिंग, ते मुस्लिम बोर्डिंग. आणि पुढचं वाक्य ठरलेलं असायचं, "राजानं भिंती दिल्या, पोटाचं आपलं आपण बघायचं हुतं."

आबांच्या त्या एका वाक्यात सगळी व्यवस्था आली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंगही उभं राहिलं. १९०६ मध्ये मुस्लिम मुलांची सोय झाली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. याच काळात लिंगायत, शिंपी, दैवज्ञ अशी रांगच लागली. दरबारातून जागा मिळे, इमारतीला मदत मिळे, वार्षिक नेमणूक मिळे. काही देवस्थानांचं उत्पन्नही महाराजांनी शिक्षणाकडे वळवलं. बाकीचं त्या त्या समाजानं वर्गणीतून उभं करायचं. जातवार बोर्डिंगं काढून महाराजांनी जातीच पक्क्या केल्या, अशी टीका तेव्हाही झाली. पण जो माणूस परक्याच्या पोरासाठी दिडकी सोडणार नाही, तो आपल्या जातीच्या पोरासाठी रुपया काढेल, हा व्यवहार महाराजांनी ओळखला होता. एकदा रुपया काढायची सवय लागली की पुढचं पुढं.

आबांच्या वेळी फी म्हणून घरून जोंधळ्याचं पोतं जायचं. आजोबा ते बैलगाडीनं पोहोचवायचे आणि पावती धोतराच्या सोग्यात बांधून आणायचे. जेवायला भाकरी, आमटी आणि फोडलेला कांदा. सणाला कुणा व्यापाऱ्यानं गुळाची ढेप पाठवली तर पोळी. ज्याच्या घरून पोतं येत नसे, तोही त्याच पंगतीत बसे. कुणाचं पोतं आलं नाही हे फक्त रेक्टरला माहीत असायचं, असं आबा फार आदरानं सांगत.

दुसरी गोष्ट आजीची. तिचं माहेर वारणेकाठचं. कुंभोज, दुधगाव हा सगळा तिच्या आईच्या पायाखालचा मुलूख. कुंभोजला १८८७ साली भाऊराव पाटलांचा जन्म झाला. शिकायला ते कोल्हापुरात आले आणि जैन बोर्डिंगात राहिले. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले म्हणून त्यांना अंघोळ करून आत यायला सांगितलं, त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं, ही कथा आमच्या भागात पोथीसारखी सांगतात. त्याच भाऊरावांनी १९१० च्या सुमारास दुधगावात मित्रांना हाताशी धरून विद्यार्थी आश्रम काढला. तिथं ना दरबार होता, ना देवस्थान. होती ती मूठ, घराघरातून निघणारा मूठभर धान्याचा मुष्टीफंड.

आजीच्या आईनं ती मूठ कशी काढली, हे आजी हातानं करून दाखवायची. पहाटे जात्यावर बसण्याआधी सुपातल्या दळणातली पहिली मूठ उतरंडीच्या शेजारच्या गाडग्यात टाकायची. पाखडून उरलेलं, किडकं, खड्याचं त्यात चालायचं नाही. पाहुणे आले, दळण कमी पडलं, तरी मूठ आधी. आठवड्यानं आश्रमाची पोरं पोतं घेऊन दारात यायची. एकजण पोत्याचं तोंड धरायचा, दुसरा चिपट्यानं मापून वहीत मांडायचा. पण गाडगं लगेच उपडं व्हायचं नाही. स्वतः एक अक्षर न शिकलेली ती बाई पोत्याचं तोंड धरलेल्या पोराला म्हणायची, "दिडकी म्हण बघू." पोरगं दिडाच्या पाढ्यात एक दीड, दोन तीन करत चालू लागलं की जोंधळा पोत्यात पडायचा. कुठं अडखळलं तर हात थांबायचा. चूक की बरोबर तिला कळत नव्हतं, अडखळणं मात्र बरोबर ऐकू येत होतं. आजी हसत म्हणायची, "आमच्या आयला दिडकी त्या पोरांनीच शिकवली."

मला वाटतं, मुष्टीफंडाचं सगळं बळ या अडवून विचारण्यात होतं. मूठभर धान्याची किंमत ती किती? पण घर रोज देत होतं, म्हणून घराला रोज विचारायचा हक्क होता. श्रीमंतानं एकदा दिलेल्या थैलीतून इमारत उभी राहते. शंभर घरांच्या मुठीतून शाळेवर शंभर घरांचं लक्ष राहतं.

१९१९ साली भाऊरावांनी कऱ्हाड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू केलं. कोल्हापुरात जातवार बसलेली पंगत तिथं एक झाली. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडायला दिलं, हे सांगताना आजीचा आवाज चढायचा. तिला त्यात त्यागापेक्षा संसार दिसायचा. घरात पोरं उपाशी असली तर बाई दुसरं काय करणार, असं तिचं म्हणणं.

मोठ्या देणगीबरोबर अट येते, हेही या माणसांना कळत होतं. एका धनिकानं भरघोस रक्कम देऊ केली, पण शिवाजी महाराजांच्या नावाच्या कॉलेजला आपलं नाव हवं म्हणाला. एक वेळ बापाचं नाव बदलीन, पण हे नाही, अशा अर्थाचं उत्तर भाऊरावांनी दिल्याचं आबा रंगवून सांगायचे. पुढे १९४८ मध्ये भाऊरावांच्या सडेतोड बोलण्यामुळं मुंबई सरकारनं रयतचं अनुदान थांबवलं. गाडगेबाबांनी मध्यस्थी केली आणि ते पुन्हा सुरू झालं. मधल्या काळात संस्था तगली ती शिक्षकांच्या पोटाला चिमटा काढून आणि गावोगावच्या वर्गणीवर. सरकारचं अनुदान एका सहीनं थांबतं. हजार गाडगी एका सहीनं रिकामी होत नाहीत.

आता आमच्या गावच्या विद्या मंदिरात गेलो की व्हरांड्यात संगमरवरी फरशी दिसते. त्यावर कुणाच्या तरी स्मरणार्थ पंखा, कुणाचं कपाट, पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्या बॅचचा प्रोजेक्टर. हे लागतंच, कारण समग्र शिक्षा अभियानात ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला मिळणारं संयुक्त अनुदान २५,००० रुपयांचं. त्यात वीजबिल, खडू, झाडझूड, डागडुजी सगळं बसवायचं. गावाची वर्गणी आली नाही तर प्रोजेक्टर असूनही वीज नसते. देणाऱ्यांची कमी आहे असं मला वाटत नाही. जत्रेला जशी वर्गणी निघते तशी शाळेलाही निघते. पण पावती फाडली, फोटो काढला की देणाऱ्याचं आणि शाळेचं नातं तिथंच संपतं. तिसरीच्या पोराला वाचता येतं का, हे फरशीवरच्या नावांपैकी कुणी विचारायला येत नाही.

विचारायची सोय मात्र कायद्यानंच करून ठेवली आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, आणि त्यातल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत. अनुदानाच्या खर्चावर नजर ठेवणं हे समितीचंच काम. आमच्याकडे ही सभा बहुतेकदा सह्यांपुरती होते. ठराव आधी लिहिलेला, रजिस्टर घरपोच फिरवलेलं. म्हणून परवा मुख्याध्यापक वर्गणी मागायला आले तेव्हा मी पैसे दिले आणि पुढच्या सभेची तारीख विचारली. ते क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, "या की! पण येताना शेजारच्या चार पालकांनाही घेऊन या. नाहीतर तुम्ही एकटेच विचारणार आणि मी एकटाच उत्तर देणार."

सर बरोबर बोलले. एकट्यानं विचारलं तर ती तक्रार होते, गावानं विचारलं तर ती शाळेची राखण होते. शेजारच्या चौघांपैकी दोघांनी हो म्हटलंय. उरलेल्या दोघांच्या घरी पुन्हा जाणार आहे.