तीन-शून्य

आम्स्टलवेनमध्ये आता आपली बरीच कुटुंबं राहतात. शनिवारी सकाळी मुलांना हॉकी क्लबवर सोडायचं आणि मैदानाच्या कडेला कुडकुडत कॉफी प्यायची, हे आपल्यापैकी अनेकांच्या अंगवळणी पडलं आहे. याच गावातल्या झाडीत वाखेनर स्टेडियम आहे. भारतीय हॉकीच्या दोन जिव्हारी लागलेल्या हारी तिथल्या आहेत, आणि इथे वाढणाऱ्या मुलांना त्या ठाऊक असाव्यात असं मला वाटतं.

तिथून जवळच, अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये, १९२८ साली भारतानं हॉलंडला ३-० असं हरवून पहिलं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं होतं. ध्यानचंद यांनी त्या स्पर्धेत १४ गोल केले. भारतावर एकही झाला नाही. १९७३च्या विश्वचषकाची अंतिम लढत वाखेनरवर झाली. सुरजित सिंगच्या गोलांमुळे भारत २-० पुढे होता. हॉलंडनं बरोबरी साधली, जादा वेळेत गोविंदाचा पेनल्टी स्ट्रोक हुकला आणि चषक इथेच राहिला.

दुसरी हार ऑगस्ट २००३ची, चॅम्पियन्स ट्रॉफीतली. आलेला संघ कोवळा होता, पण काय खेळायचा! २००१ साली होबार्टला भारतानं अर्जेंटिनाचा ६-१ असा फडशा पाडून ज्युनिअर विश्वचषक जिंकला होता. त्यातले गगन अजित सिंग, दीपक ठाकूर, जुगराज सिंग आता मोठ्या संघात होते. जुगराज तर अवघा वीस वर्षांचा. सोबतीला मुंबईचा विरेन रस्किना, आणि या सगळ्यांत थोरला, पुण्याच्या खडकीत मोडक्या स्टिकनं खेळायला शिकलेला पस्तिशीचा धनराज पिल्ले.

हॉलंडविरुद्ध या पोरांनी ३-० अशी आघाडी घेतली. समोर यजमान, त्यांचंच मैदान. सामना संपायला मोजकी मिनिटं उरली असताना डच गोल करू लागले, आणि निकाल लागला ४-३, हॉलंडच्या बाजूनं.

हे दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही. आघाडी राखणं हे वेगळंच काम आहे. ऑफसाइडचा नियम तोवर रद्द झाला होता, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचे आघाडीवीर थेट गोलजवळ जाऊन उभे राहू शकतात. त्यांना अडवायला बचावफळी मागे सरकते, मग मधली फळी मागे येते, शेवटी पुढचेही येतात. चेंडू नुसता बाहेर भिरकावला की तो समोरच्यालाच मिळतो आणि तसाच परत येतो. डीमध्ये घाईनं घातलेली प्रत्येक स्टिक म्हणजे पेनल्टी कॉर्नरला आमंत्रण. अशा वेळी चेंडू आपल्याकडेच ठेवून, कोपऱ्यात नेऊन, घड्याळ चालू द्यायचं असतं. गोलमागून गोल करण्याची सवय असलेल्या विशीतल्या मुलांना असा रटाळ खेळ कसा रुचावा? त्यांना आणखी एक गोल हवा असतो. (मला विचाराल तर प्रेक्षक म्हणून आपल्यालाही तोच हवा असतो.)

त्याच स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध हीच मुलं २-४ अशी मागे पडली आणि ७-४ अशी जिंकली! मागे असताना त्यांना काय करायचं ते नेमकं कळायचं. मग कांस्यपदकासाठी पुन्हा पाकिस्तानशीच गाठ पडली, आणि तिथे १-२ हार. चौथा क्रमांक.

पुढच्याच महिन्यात क्वालालंपूरला आशिया चषक होता. त्याच्या तोंडावर मोटार अपघातात जुगराज जबर जखमी झाला. तो नसताना, धनराजच्या नेतृत्वाखाली, संघानं अंतिम सामन्यात पाकिस्तानला ४-२ असं हरवलं. भारतानं आशिया चषक जिंकण्याची ती पहिलीच वेळ. पोरं जिंकायला शिकू लागली होती, यात मला शंका नाही.

पण शिकण्याला सलग वर्षं लागतात. होबार्टपासून या मुलांना घडवणारे प्रशिक्षक राजिंदर सिंग यांना अथेन्स ऑलिंपिकच्या अगदी तोंडावर बदललं गेलं आणि जर्मनीचे गेरहार्ड राख आले. राख यांच्या पात्रतेबद्दल माझी तक्रार नाही. पण परीक्षेला काही आठवडे उरलेले असताना मास्तर बदलण्याचा शहाणपणा मला आजही उमगलेला नाही. २००४च्या त्या ऑलिंपिकमध्ये भारत ऑस्ट्रेलियाशी ३-४ असा हरला, हॉलंडशीही हरला, आणि सातवा आला.

धनराजची ती चौथी आणि शेवटची ऑलिंपिक. चारांतून एकही पदक त्याच्या हाती लागलं नाही.