वैद्यकीय सूची आणि तिचा वाचक

ग्रंथालयाचे दार उघडे असले म्हणजे त्यातील ज्ञान वाचकाच्या हाती आलेच, असे नव्हे. वैद्यकासारख्या शास्त्रात नवे संशोधन शेकडो नियतकालिकांतून विखुरलेले असते. तेथे वाचकाचा खरा प्रवेश सूचीतूनच होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी शल्यचिकित्सकाने १८७९ मध्ये रॉबर्ट फ्लेचर यांच्या साहाय्याने ‘इंडेक्स मेडिकस’ हे मासिक सूचिपत्र सुरू केले. आर्थिक अडचणींमुळे ते १८९९ मध्ये बंद पडले आणि १९०३ मध्ये कार्नेगी संस्थेच्या द्रव्यसाहाय्याने पुन्हा निघू लागले. ते महाग असेल, चाळावयास कंटाळवाणे असेल; परंतु ज्याच्यापुढे अंक होता त्याला ते स्वतः चाळता येत होते.

यंत्र आले तेव्हा हे स्वातंत्र्य वाढले नाही, उलट यंत्राच्या बाबतीत ते काही काळ उरलेच नाही. १९६४ मध्ये ‘मेडलार्स’ ही संगणकीय व्यवस्था सुरू झाली. वाचकाने प्रश्न लिहून पाठवावा, प्रशिक्षित शोधतज्ज्ञाने त्याची यंत्रयोग्य मांडणी करावी, साचलेले प्रश्न चुंबकीय फितीवर एकदम चालवावेत, आणि उत्तर काही आठवड्यांनी टपालाने यावे, असा तो क्रम होता. १९७१ मध्ये ‘मेडलाइन’ने दूरध्वनीच्या तारांवरून तत्काळ उत्तर देण्यास आरंभ केला, तरीही यंत्रापुढे बसे तो बहुधा ग्रंथपालच.

याचे कारण केवळ तांत्रिक नव्हते, ते भाषिकही होते. १९६० मध्ये सिद्ध झालेल्या ‘मेश’ या नियंत्रित शब्दसंग्रहात एका संकल्पनेस एकच अधिकृत नाव असे. नैसर्गिक भाषेचा स्वभाव नेमका याच्या उलट आहे. ‘हार्ट अटॅक’ म्हणणाऱ्यास ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ हे शीर्षक ठाऊक नसले, तर सूची त्याच्यापुरती मुकीच. मध्यस्थ हा वस्तुतः दुभाषी होता.

१९८६ मध्ये ‘ग्रेटफुल मेड’ या आज्ञावलीमुळे डॉक्टर स्वतःच्या संगणकावरून शोध घेऊ लागले, पण त्याचे शुल्क पडे. २६ जून १९९७ रोजी ‘पबमेड’द्वारा मेडलाइन सर्वांस विनामूल्य झाल्याचे जाहीर झाले, मिरजेच्या विद्यार्थ्यास आणि वॉशिंग्टनच्या प्राध्यापकास सूची सारखीच खुली झाली. संपूर्ण लेख मात्र अनेकदा वर्गणीच्या कुंपणाआडच राहिले. ‘पबमेड सेंट्रल’ने २००० पासून त्यांतील काही मोकळे केले. छापील ‘इंडेक्स मेडिकस’ २००४ अखेर थांबले.

दुभाषी मात्र नाहीसा झाला नाही. तो यंत्रात शिरला. वाचकाने लिहिलेल्या साध्या शब्दाचा अधिकृत शीर्षकाशी मेळ आता पबमेड आपोआप घालते. हा मेळ कसा घातला गेला ते शोधाच्या तपशिलात पाहता येते, आणि शब्दसमूह अवतरणचिन्हांत घातला की तो थांबविताही येतो. पूर्वीच्या ग्रंथपालास या दोन्ही गोष्टी समोरासमोर विचारता येत. आज त्या मुळात विचारावयाच्या असतात, हेच पुष्कळ वाचकांस ठाऊक नसते.