दायित्व-नकार (कामगार नुकसानभरपाई)

कामावर असताना घडलेल्या अपघाताबद्दल कामगाराने अथवा त्याच्या वारसांनी मागितलेली भरपाई आपणांकडून देय नाही, असे मालकाने लेखी कळविणे.

कायदा : कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा अधिनियम १ जुलै १९२४ पासून अमलात आला. १९३३ च्या दुरुस्तीने मृत्यूच्या प्रकरणी असे बंधन घातले, की नुकसानभरपाई आयुक्ताची नोटीस पोचल्यापासून तीस दिवसांत मालकाने आपले निवेदन सादर करावे, आणि दायित्व अमान्य असल्यास त्याची कारणेही त्यात नमूद करावीत. या तरतुदीचे मोल पुरेसे ओळखले गेलेले नाही. कारण मोघम नकारापुढे विधवा निरुपाय होते, परंतु कारण कागदावर आले की मस्टर, पगारपत्रक, पंचनामा व सोबत्यांच्या जबान्या यांच्या आधारे ते खोडून काढता येते. ‘माणूस ठेकेदाराचा’ ही सबब मुख्य मालकास सहसा तारीत नाही. मद्यपानाची सबब मृत्यू वा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असता चालत नाही. कामगार राज्य विमा योजनेखालील विमाधारकाचा हक्क मात्र त्या योजनेकडे असतो. दायित्व अंशतः मान्य असेल, तर तेवढी रक्कम तात्पुरती देणे मालकावर बंधनकारक आहे.

‘कामाच्या ओघात’ : अनेक तंटे अधिनियमातील या शब्दांवरून झाले. काम संपवून ‘बेस्ट’ या मुंबईच्या बस-उपक्रमाच्याच दुसऱ्या बसने घरी निघालेल्या त्याच्या एका चालकाचा १९५७ मध्ये अपघाती मृत्यू झाला, तेव्हा उपक्रमाने दायित्व नाकारले. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने वारसांचा हक्क मान्य केला. उस्मानाबाद (धाराशिव) जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार, ज्याची पाळी पहाटे तीनला सुरू होत असे, २२ एप्रिल २००३ रोजी मोटारसायकलवरून कामावर निघाला असता कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर मरण पावला. आयुक्ताने दिलेली भरपाई उच्च न्यायालयाने रद्द केली, आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. बावीस वर्षे एका कुटुंबाने हक्काच्या रकमेसाठी झगडावे, हे कोणत्याही कल्याणकारी कायद्यास शोभणारे नाही.

विलंब : एका महिन्यात देय रक्कम न दिल्यास व्याज, व समर्थनीय कारण नसल्यास पन्नास टक्क्यांपर्यंत दंड.

सद्यःस्थिती : २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या अधिनियमाच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू.

नकाराचे पत्र म्हणजे निकाल नव्हे. १९२३ च्या अधिनियमान्वये दाव्याची मुदत सामान्यतः दोन वर्षांची होती, आणि आयुक्ताच्या हुकुमाविरुद्ध उच्च न्यायालयात जाणाऱ्या मालकास ठरलेली रक्कम आधी भरल्याचा दाखला अपिलासोबत जोडावा लागे.