मिसरीची डबी
मिसरी करायला फारसं काही लागत नाही. तंबाखूची पानं, तवा आणि मंद आच. पानं करपून काळी पडली, बोटांत चुरायला लागली की उतरवायची, कुटायची, चाळून डबीत भरायची. भाजताना अख्ख्या घराला ठसका लागतो, म्हणून माझी आजी सगळे शेतावर गेल्यावरच तवा चढवायची. आज मी सातारा भागात दातांचा दवाखाना चालवते. एखादी म्हातारी तोंड उघडते आणि डबीचा माग लागतो: खालच्या ओठाच्या आत सुरकुतलेला पांढरट चट्टा, शेजारी हिरडी उतरून उघडी पडलेली दातांची मुळं.

दातांना मिसरी लावायची ही चाल वाटते तेवढी जुनी नाही. तंबाखू आपल्याकडे आली पोर्तुगीजांच्या गलबतांतून. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अकबराचा दरबारी असद बेग विजापूरहून परतताना बादशहासाठी ती घेऊन गेला. असला जिन्नस आपण हिंदुस्थानात पूर्वी पाहिला नव्हता, असं त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे दख्खनेत ती उत्तरेच्या दरबाराआधीच पोचली होती.

त्याआधीही दात घासले जातच होते. बाभळीची नाहीतर कडुलिंबाची काडी, मीठ, गोवरीची राखुंडी. मिसरी दिसायला राखुंडीसारखीच काळी, घासायचीही बोटानेच. त्यामुळे ती व्यसनांत धरलीच गेली नाही, मंजनांत मोडली. चारचौघांत विडी ओढायची सोय नसलेल्या बाईच्या मिसरीला कुणी हरकत घेतली नाही. बहुतेकींची सुरुवात दाढदुखीने झालेली असते. सासू नाहीतर शेजारीण चिमूटभर देते, ठणका थोडा वेळ बधिर होतो. निकोटिन हिरडीतून रक्तात उतरतं, भूक मरते, रोप लावताना वाकलेल्या कंबरेलाही जरा बरं वाटतं. पुढे मिसरी लावल्याशिवाय परसाकडला होत नाही, अशी तक्रार सुरू होते. तिथे दात घासणं संपलेलं असतं.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधकांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडूतांची तोंडं तपासली. तो अहवाल १९७२ मध्ये आला. तंबाखू आणि तोंडातले चट्टे यांचं नातं आपल्या खेड्यांतही दिसून आलं. २००४ मध्ये मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास छापून आला. धूर न काढता तंबाखू घेणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम हलकी भरली. त्यांतल्या बहुतेक जणी मिसरीवाल्या होत्या.

दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारने १९९२ मध्ये बंदी केली. ते योग्यच झालं. पण घरच्या तव्यावर कायदा पोचत नाही. तिथे पोचायचं ते आम्ही, नर्सताईंनी आणि आशाताईंनी. तंबाखू खाता का, असं विचारलं की बायका मनापासून ‘नाही’ म्हणतात. मिसरीचं नाव घेऊन विचारावं लागतं, तेही सासू शेजारी नसताना. आणि ‘सोडा’ म्हणण्याआधी तिच्या दुखऱ्या दाढेवर त्याच दिवशी इलाज करावा लागतो. दाढ ठणकत ठेवून नुसता उपदेश केला, तर संध्याकाळी ती पुन्हा मिसरीच लावणार.