नव्या तबकड्यांची पारख

गायनाची चर्चा आपल्या समाजास नवी नाहीं. परंतु चालू महिन्यांत बाजारांत आलेली एखादी तबकडी हातीं घेऊन, ‘ही घ्यावी कीं न घ्यावी’ हें वाचकांस सांगणारें लेखन मात्र फार जुनें नाहीं. पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ या लेखनास हलक्या दर्जाचें समजतात. जें गाणें चार महिन्यांत विसरलें जाणार, त्यावर शाई कां खर्चावी, असा त्यांचा प्रश्न असतो. या प्रश्नाचें उत्तर तर्कापेक्षां इतिहासानें देणें बरें. आणि तो इतिहास मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांतून न पाहतां हिंगोली-नांदेड रस्त्यावरील आखाडा बाळापुरासारख्या गांवाहून पाहिला, तर अधिक स्पष्ट दिसतो.

बाळापूर आज हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यांत मोडतें. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. याच जिल्ह्यांतील नरसी हें गांव परंपरेनें नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें. नामदेवांच्या अभंगांची पारख कोणत्याही नियतकालिकानें केली नाहीं. ती केली भजनी मंडळ्यांनीं, कीर्तनकारांनीं व पंढरीच्या वाटेवरील वारकऱ्यांनीं. जें पुन:पुन्हां म्हणावेंसें वाटलें तें टिकलें, बाकीचें गळालें. लोककंठाचा हा निवाडा नि:पक्षपाती खरा; पण त्यास शतकें लागतात, आणि जें गळालें त्यांत काय होतें हें सांगावयास कोणी उरत नाहीं.

बैठकीच्या गाण्याची स्थिति याहून निराळी नव्हती. ज्यानें ऐकलें त्यानें सांगावें, आणि ज्यानें ऐकलें नाहीं त्यानें विश्वास ठेवावा, एवढाच व्यवहार. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आले, त्यांनीं गोहरजान प्रभृति कलावंतांचें गाणें मुद्रित केलें, आणि हा व्यवहार पालटला. आरंभीं तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें तयार होऊन इकडे येत; १९०८ पासून कलकत्त्याजवळ सियालदा येथें कारखाना निघाला. या बदलाचें महत्त्व दोन नांवें शेजारीं ठेवलीं म्हणजे ध्यानांत येतें. बालगंधर्वांचे गुरु भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. त्यांची तबकडी नाहीं. त्यांच्या थोरवीविषयीं आपणांजवळ शिष्यांच्या व श्रोत्यांच्या साक्षी तेवढ्या आहेत. अब्दुल करीमखां १९३७ सालीं वारले. त्यांच्या तबकड्या आहेत, म्हणून त्यांच्याविषयीं कोणीं कांहींही लिहिलें तरी वाचकास तें स्वत:च्या कानानें ताडून पाहतां येतें. टीकाकार आणि वाचक एकाच पुराव्यासमोर प्रथमच उभे राहिले. तबकडीच्या परीक्षणाचा पाया हाच आहे.

इंग्लंडांत कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेंझी यांनीं १९२३ सालीं ‘ग्रामोफोन’ नांवाचें मासिक केवळ या कामासाठीं काढलें. आपल्याकडे केशवराव भोळे ‘एकलव्य’ या टोपणनांवानें संगीतावर लिहूं लागले. ‘आजचे प्रसिद्ध गायक’ हें त्यांचें पुस्तक प्रसिद्ध आहे. ते स्वत: चाली बांधणारे होते, प्रभातच्या १९३६ मधील ‘संत तुकाराम’ बोलपटाचें संगीत त्यांचेंच. म्हणून गाणें कोठें चांगलें झालें व कोठें फसलें, हें त्यांस कारागिराप्रमाणें दाखवितां येई. मात्र त्या काळच्या मराठी टीकेची मुख्य नजर राग, घराणीं आणि नाट्यपदें यांवरच खिळलेली होती. १९३९ चा गोविंदराव टेंबे यांचा ‘माझा संगीत व्यासंग’ काय, कीं १९६१ चा वामनराव देशपांडे यांचा ‘घरंदाज गायकी’ काय, दोन्ही मोठे ग्रंथ. पण त्यांचा ओढा अभिजात गायनाकडे.

इकडे तबकडीनें एक नवाच गीतप्रकार वाढीस लावला होता. तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक गाणें मावत नसे. नाटकांत ‘वन्समोअर’ घेत लांबणाऱ्या पदास ही मर्यादा जाचक होती, पण लहान कवितेस ती मापून शिवलेल्या अंगरख्यासारखी बसली. १९२५ नंतर विजेच्या साह्यानें मुद्रण होऊं लागलें. पूर्वी कर्ण्यांत मोठ्यानें गावें लागे. आतां मायक्रोफोनपुढें हलक्या आवाजांत, शब्दाचा भाव सांभाळून गातां येऊं लागलें. भावगीताच्या भरभराटीस हीं दोन कारणें फार उपकारक झालीं. मेहकरला वकिली करणारे ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनीं १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तबकडीवर गाइली, आणि ती घरोघर गेली. मेहकर वऱ्हाडांत, बाळापूर निजामींत. मध्यें राज्याची सीमा. ती सीमा तबकडीनें ओलांडली. पदवी नको, नाटकाचें तिकीट नको. गांवांत एक फोनो असला कीं पुरे.

परंतु येथेंच परीक्षकाची गरज उत्पन्न झाली. शहरांतील गिऱ्हाईक दुकानांत तबकडी वाजवून पाही. आडगांवचा मनुष्य जाहिरातींतील नांव वाचून पैसे धाडी, आणि घरीं आल्यावर गाणें निकस निघालें तर तें परत करण्याची सोय नसे. लाखेची ती तबकडी हातून पडली कीं फुटे. पोलादी सुईनें वाजवितां वाजवितां झिजे. अशा खरेदीदारास दूरचा एक विश्वासू कान हवा होता. परीक्षक म्हणजे तो कान.

पुढें या कानाची जागा मोजणीनें घेतली. १९५२ च्या नोव्हेंबरांत लंडनच्या ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ पत्रानें दुकानांतील खपावरून गाण्यांची क्रमवारी छापण्यास आरंभ केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत रेडिओ सिलोनवर अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बुधवारीं रात्रीं कोणतें गाणें कितव्या पायरीवर चढलें, हें ऐकण्यासाठीं गांवोगांव माणसें रेडिओभोंवतीं बसत. हा आनंद खोटा नव्हता. पण क्रमांक किती जणांस आवडलें एवढेंच सांगतो. कां आवडलें, हें सांगत नाहीं. ज्या गाण्यास पायरी मिळाली नाहीं, त्याविषयीं तर तो मुळींच बोलत नाहीं.

आज मोजणी कोटींत पोंचली आहे. २०१६ च्या ‘सैराट’चीं अजय-अतुल यांनीं केलेलीं गाणीं मराठी मुलखांतील लग्नांच्या वरातींत वाजलीं, हें सर्वांस ठाऊक आहे. त्यांतील पाश्चात्त्य वाद्यवृंदाचें मुद्रण लॉस एंजेलिस येथें झालें. खेड्यांतील ताल व बोली आणि परदेशचे व्हायोलिनांचे ताफे हीं एकत्र कशीं नांदलीं, कोठें एकरूप झालीं आणि कोठें वाद्यांच्या गर्दींत शब्द दबले, हें आंकड्यावरून कळणार नाहीं. तें कोणींतरी कान देऊन ऐकावें लागेल आणि लिहून ठेवावें लागेल.

आतां बाळापूरच्या मुलास नवें गाणें मुंबईकराबरोबरच, त्याच घटकेस मिळतें. पैसे बुडण्याची भीति गेली, म्हणून परीक्षकाचें काम संपलें असें कित्येकांस वाटतें. मला तसें वाटत नाहीं. पूर्वी गाणें दुर्मिळ होतें व पैसा जपावयाचा होता. आतां गाणीं उदंड आहेत व वेळ आणि कान जपावयाचे आहेत. चांगल्या परीक्षकानें शब्द कानीं पडतात कीं नाहीं, चाल अर्थास धरून आहे कीं नाहीं, वाद्यें गळ्यास साथ देतात कीं त्यावर कुरघोडी करतात, आणि दहाव्यांदा ऐकतांना कांहीं नवें हातीं लागतें कीं नाहीं, एवढें प्रामाणिकपणें सांगितलें तरी पुष्कळ झालें.

त्याचा निर्णय पुढें चुकीचा ठरेल, ही भीति बाळगण्याचें कारण नाहीं. शतकांचा निवाडा लोककंठ करीलच. परंतु ‘शीळ’ची तबकडी प्रथम ऐकतांना ऐकणारास त्यांत नवें काय वाटलें, हें त्याच महिन्याच्या माणसावांचून दुसरा कोणी सांगूं शकत नाहीं, आणि त्यानें तें लिहून ठेवलें नाहीं, तर पुढच्या पिढीस गाणें मिळतें, त्याचा पहिला विस्मय मिळत नाहीं.