बंगळूरच्या दरबारातील बारा नारळ

बंगळूर हे बहुभाषिक नगर आहे असे आज म्हटले जाते, तेव्हा त्याचे श्रेय संगणक-व्यवसायाला दिले जाते. वास्तविक या नगराची ही ओळख साडेतीन शतकांहून जुनी असून तिच्याशी मराठी माणसाचा निकट संबंध आहे.

१६३८ मध्ये विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याने केंपेगौडांच्या वंशजाकडून बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. प्रजेची भाषा कानडी, आदिलशाही दरबाराची फारसी, विद्वत्सभेची संस्कृत आणि घरची मराठी. अशा स्थितीत एका दिवसात चार भाषांत वावरणे ओघानेच आले. याच दरबारी जयराम पिंड्ये हा कवी आला. त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले. बारा भाषांत आपण कवित्व करतो, हा त्यांचा अर्थ. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त मूळ संस्कृत रचनेस मराठी, कानडी, गुजराती, पंजाबी अशा भाषांतील कवितांची जोड आहे.

हा वारसा पुढे तंजावरास गेला. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे (१६८४–१७१२) यांच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू व हिंदी या पाच भाषा एकाच रंगमंचावर नांदतात.

या दोन्ही ग्रंथांत भाषा बदलते ती वक्त्याचे शब्द अपुरे पडले म्हणून नव्हे. प्रत्येक नारळ स्वतंत्र होता आणि भरलेला होता.

आजही बंगळूरचे मराठी मूल घरी मराठी, भाजीवाल्याशी कानडी, मित्रांशी हिंदी आणि वर्गात इंग्रजी बोलते. कित्येकदा एकाच वाक्यात दोन भाषा येतात. तिला ‘धेडगुजरी’ म्हणून हिणविणे योग्य नव्हे. कानडीतून आलेले ‘अण्णा’, ‘अक्का’ आपण परके मानीत नाही. चिंता वाटावी ती मुलाला मराठीत परतता येत नाही तेव्हा. आजीशी पाच वाक्ये सलग बोलताना ते अडते तेव्हा. भाषा पालटणे हे सामर्थ्य आहे, परंतु पालटण्यासाठी दोन्ही भाषा पूर्ण हाती असाव्या लागतात.

हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या मराठी शाळेचे प्रयोजन याहून वेगळे ते काय? येथील विद्यार्थ्याने उद्या कोणत्याही नगरात जावे, बारा भाषा शिकाव्यात. त्यांतील मराठीचा नारळ भरलेला असावा, एवढे शाळेने पाहावे.